नारा शहर पायी पाहायचे आहे: क्रम कसा ठेवावा?

सुमेधा, इंदिरानगर

नमस्कार. येत्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझे यजमान आमच्या मुलाकडे ओसाकाला जात आहोत. मुलाला मधल्या वारी रजा मिळणार नसल्यामुळे त्यांतले दोन दिवस आम्ही दोघांनीच नारा या जुन्या राजधानीत काढायचे ठरवले आहे. सहल कंपनीबरोबर जायचे नाही, हे आमचे पक्के आहे. मागे एका सहलीत आम्हाला एका प्राचीन मंदिरासमोर अवघी वीस मिनिटे देण्यात आली होती आणि त्यांतली बारा छायाचित्रांच्या रांगेत गेली, ती रुखरुख अजून मनात आहे.

मी इतिहासाची शिक्षिका होते. दरवर्षी मुलांना पांडवलेण्यांवर नेत असे आणि शिलालेखासमोर बसवून गौतमीपुत्र सातकर्णीची गोष्ट सांगत असे. त्यामुळे बौद्ध स्थळांविषयी मनात ओढ आहे, मात्र जपानी बौद्ध परंपरेची माझी ओळख अगदी वरवरची आहे. वाचताना कळले की नारामधील महाबुद्धाच्या प्रतिष्ठापनेत एका भारतीय भिक्षूचा मोठा वाटा होता, आणि तेव्हापासून हे शहर घाईने पाहायचे नाही असे वाटू लागले आहे.

माझे प्रश्न असे आहेत. पायी फिरायचे तर कोणते स्थळ आधी आणि कोणते नंतर घ्यावे? एकंदर चालणे किती होईल? माझा उजवा गुडघा दुखतो; पांडवलेण्यांच्या पायऱ्या मी अजूनही चढते, पण थांबत थांबत, आणि उतरताना अधिक त्रास होतो. आम्ही दोघेही पूर्ण शाकाहारी आहोत, तेव्हा खाण्याची सोय कशी करावी? आणि मार्गदर्शक नसताना मूर्तींसमोर उभे राहून नेमके काय पाहावे, हे कुणी सांगू शकेल का?

वाटसरू, कॉलेज रोड

सुमेधाताई, नमस्कार. नोकरीनिमित्त मी काही वर्षे ओसाकात होतो आणि नाशिकहून कुणी पाहुणे आले की त्यांना नाराला नेणे हे माझे ठरलेले काम असे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम रेल्वेविषयी. नारा शहरात दोन मुख्य स्थानके आहेत. आपण किन्तेत्सु कंपनीच्या गाडीने यावे, कारण तिचे स्थानक जुन्या शहराच्या अगदी कडेला आहे. जेआर म्हणजे जपान रेल्वेचे स्थानक त्याच्या पश्चिमेला साधारण एक किलोमीटर अंतरावर आहे आणि तेवढे चालणे विनाकारण वाढते. ओसाका-नाम्बाहून जलद गाडीने सुमारे चाळीस मिनिटे लागतात. किन्तेत्सु नारा स्थानकाबाहेर कारंज्यावर ग्योकी नावाच्या भिक्षूचा पुतळा दिसेल. लोक एकमेकांना भेटण्याची खूण म्हणून त्याच्याकडे पाहतात, पण तुम्ही तिथे दोन मिनिटे जरूर थांबा, कारण सम्राट शोमू याने इ.स. ७४३ मध्ये महाबुद्ध उभारण्याची आज्ञा दिल्यावर गावोगाव फिरून लोकांकडून देणग्या आणि श्रमदान मिळवले ते याच ग्योकीने.

इ.स. ७१० ते ७८४ या काळात हे शहर जपानची राजधानी होते. तेव्हाचा राजवाडा आजच्या शहराच्या पश्चिमेला होता आणि आपण जे पायी पाहणार तो पूर्वेकडचा, डोंगराच्या पायथ्याचा भाग आहे. स्थानकापासून पूर्वेकडे निघाले की जमीन हळूहळू चढत जाते, आणि परत येताना सारा उतार लागतो. स्थानक, कोफुकुजी मंदिर, तोदाईजी (महाबुद्धाचे मंदिर), निगात्सुदो (तोदाईजीचेच उंचावरचे प्रार्थनामंदिर), कासुगा देवस्थान, शिन-याकुशिजी मंदिर, नारामाची ही जुनी पेठ आणि पुन्हा स्थानक असा वळसा घेतला तर सात ते आठ किलोमीटर चालणे होते. तरुण माणूस हे एका दिवसात करतो. आपल्याकडे दोन दिवस आहेत, म्हणून कृपा करून एका दिवसात करू नका.

माझा सल्ला असा की पहिल्या दिवशी कोफुकुजी वाटेत लागले तरी तिथे न थांबता थेट तोदाईजीला जावे. नोव्हेंबरपासून महाबुद्धाचे सभागृह सकाळी आठला उघडते, आणि साडेनऊ-दहानंतर शाळांच्या सहली व बसगाड्या आल्या की ती शांतता पुन्हा मिळत नाही. स्थानकापासून तिथवर वीस-पंचवीस मिनिटे चालावे लागते. सभागृहाची आजची इमारत इ.स. १७०९ मधली असून तिची रुंदी सुमारे ५७ मीटर आहे. पहिली इमारत याहून पुष्कळ रुंद होती, सुमारे ८६ मीटर. ती इ.स. ११८० च्या युद्धात जळाली, पुन्हा बांधली गेली, आणि १५६७ मध्ये पुन्हा जळाली. मूर्तीचेही तसेच झाले. सुमारे १५ मीटर उंचीच्या या बैठ्या मूर्तीचे मस्तक नंतरच्या काळात ओतलेले आहे, परंतु ज्या कमळावर ती बसली आहे त्याच्या काही पाकळ्या आठव्या शतकातल्या आहेत आणि त्यांवर बुद्धांचे व विश्वाचे बारीक रेखाटन कोरलेले आहे. मान वर करून मूर्ती सगळेच पाहतात. आपण पाकळ्यांकडेही पाहा.

बाहेर पडताना दरवाजाच्या एका बाजूला लाल वस्त्रे घातलेली एक लाकडी मूर्ती दिसेल. ते बिन्झुरु, म्हणजे बुद्धाचे शिष्य पिंडोल भारद्वाज. आपला जो अवयव दुखतो तोच मूर्तीचा अवयव हाताने चोळायचा आणि मग स्वतःच्या दुखऱ्या जागी हात फिरवायचा, अशी तिथली श्रद्धा आहे. गुडघे पुष्कळ झिजलेले दिसतील.

तिथून मागच्या वाटेने निगात्सुदोला जावे. दगडी पायऱ्यांची ही वाट मातीच्या जुन्या भिंतींमधून जाते आणि माझ्या मते साऱ्या नारामधली सर्वांत सुंदर वाट हीच आहे. पायऱ्या रुंद आणि उथळ आहेत, घाई नसली तर आपल्याला जमतील. वर सज्ज्यात प्रवेश विनामूल्य आहे, शेजारी चहाची सोय असलेला विश्रांतिकक्षही आहे, आणि समोर सभागृहाच्या छपरापलीकडे सारे शहर दिसते. दरवर्षी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात या सज्ज्यावरून भिक्षू पेटत्या मशाली घेऊन धावतात, आणि १२ मार्चच्या उत्तररात्री खालच्या विहिरीतून पवित्र पाणी काढतात. इ.स. ७५२ पासून हा विधी एकदाही चुकलेला नाही असे तिथे अभिमानाने सांगितले जाते. बाराशेहून अधिक वर्षे, मधल्या काळात देऊळ जळाले तरीही. गोदाकाठी वाढलेल्या माणसाला पाण्याभोवतीची ही निष्ठा समजावून सांगावी लागत नाही.

लेणीमित्र, पाथर्डी फाटा

ताई, मूर्तींसमोर काय पाहावे हा आपला प्रश्न मला फार आवडला, कारण बहुतेक लोक तो विचारतच नाहीत.

आधी त्या भारतीय भिक्षूविषयी. त्यांचे नाव बोधिसेन. इ.स. ७३६ मध्ये ते चीनमार्गे जपानला पोहोचले आणि नारामधील दाईआनजी या मठात राहिले. इ.स. ७५२ मध्ये महाबुद्धाचा नेत्रोन्मीलन विधी झाला, तेव्हा मूर्तीच्या डोळ्यांत बुबुळे रेखण्याचा मान त्यांना मिळाला. त्यांच्या हातातल्या कुंचल्याला लांब रेशमी दोरे बांधलेले होते आणि जमलेल्या लोकांनी ते दोरे हाती धरले होते, जेणेकरून त्या एका रेषेचे पुण्य सर्वांना लाभावे. आपल्याकडे प्राणप्रतिष्ठेच्या वेळी मूर्तीचे डोळे उघडण्याचा जो संस्कार आहे तो डोळ्यांसमोर आणा, म्हणजे त्या दिवसाचे चित्र आपोआप उभे राहील. तो कुंचला आणि ते दोरे आजही शोसोइन या राजकोषात जपलेले आहेत. शोसोइनमधल्या निवडक वस्तू वर्षातून एकदाच, ऑक्टोबरच्या अखेरीपासून साधारण अडीच आठवडे, नारा राष्ट्रीय संग्रहालयात मांडतात. वस्तू दरवर्षी वेगळ्या असतात. आपल्या तारखा या प्रदर्शनाच्या अखेरच्या दिवसांशी जुळण्याची शक्यता आहे, म्हणून मुलाला वेळेचे तिकीट आगाऊ काढून ठेवायला आताच सांगा.

आता मूर्ती. तोदाईजीच्या वाटेवर जे भव्य लाकडी महाद्वार लागते, ते नान्दाईमोन. त्याच्या दोन्ही अंगांना सुमारे साडेआठ मीटर उंचीचे दोन द्वारपाल आहेत. उन्केई, काईकेई आणि त्यांच्या सहकारी शिल्पकारांनी ते इ.स. १२०३ मध्ये सुमारे सत्तर दिवसांत उभे केले. एवढ्या मूर्ती इतक्या लवकर झाल्या त्या लाकडाचे असंख्य तुकडे वेगवेगळे कोरून जोडण्याच्या पद्धतीमुळे. त्यांतल्या एकाचे तोंड उघडे आहे आणि दुसऱ्याचे मिटलेले. उघडे तोंड म्हणजे ‘अ’, मिटलेले म्हणजे ‘हूं’: वर्णमालेचा आरंभ आणि शेवट. जपानी लोक या जोडीला ‘आ-उन’ म्हणतात आणि दोन माणसांचे न बोलता जमत असेल तर त्यांचा श्वास ‘आ-उन’चा आहे असेही म्हणतात. हा शब्द संस्कृतातून गेलेला आहे. एवढेच नव्हे, तर जपानी अक्षरे आज ज्या क्रमाने शिकवतात, म्हणजे आधी अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न यांच्या ओळी, त्या क्रमामागेही सिद्धम् या संस्कृत लिहिण्याच्या जुन्या भारतीय लिपीबरोबर तिकडे गेलेली आपली वर्णमाला आहे.

पण मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते कोफुकुजीच्या संग्रहालयातल्या असुराविषयी. तिथे त्याला ‘आशुरा’ म्हणतात. इ.स. ७३४ मधली ही मूर्ती सुमारे दीड मीटर उंच आहे, तीन मुखे आणि सहा हात, आणि तिच्याभोवती तिचे सोबती आहेत: ‘कारुरा’ म्हणजे गरुड, ‘किन्नारा’ म्हणजे किन्नर, ‘केन्दात्सुबा’ म्हणजे गंधर्व. सम्राज्ञी कोम्योने आपल्या आईच्या वर्षश्राद्धाच्या निमित्ताने हा समूह करवून घेतला. मूर्ती दगडाची नाही, लाकडातही कोरलेली नाही; मातीच्या गाभ्यावर लाखेत भिजवलेल्या कापडाचे थर चढवून नंतर आतली माती काढून टाकलेली आहे. म्हणून ती पोकळ आणि इतकी हलकी आहे की मठाला वारंवार आगी लागल्या तेव्हा तिला उचलून बाहेर नेता आले.

आपल्या कथांमधला असुर गर्जना करणारा, देवांशी वैर धरणारा. इथला असुर पोरसवदा आहे. समोरच्या चेहऱ्यावर भुवया किंचित जवळ आलेल्या आहेत, जणू आपले काहीतरी चुकले हे त्याला नुकतेच उमगले आहे, आणि दोन हात छातीपाशी जोडलेले आहेत. डावीकडचा आणि उजवीकडचा चेहराही सावकाश पाहा, तिन्ही सारखे नाहीत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाऊण तास तिथून हललो नाही. पांडवलेण्यांत नंतरच्या काळात कोरलेल्या ज्या बुद्धमूर्ती आहेत, त्या आपण मुलांना दाखवल्या असतीलच. त्या परंपरेतून निघालेले देव, यक्ष, गंधर्व मध्य आशिया आणि चीन ओलांडून जाताना कसे बदलले, हे एका दालनात पाहायचे असेल तर ते हे दालन आहे.

एक सूचना. कोफुकुजीचा पाचमजली मनोरा, जो साऱ्या चित्रांत दिसतो, सध्या मोठ्या दुरुस्तीसाठी झाकलेला आहे आणि हे काम काही वर्षे चालेल. निराश होऊ नका. तिथे जायचे ते असुरासाठी.

अनघा, नाशिकरोड

सुमेधाताई, वाटसरूंनी सांगितलेला क्रम उत्तम आहे, पण गुडघ्याचा विचार करता मला थोडा बदल सुचवावासा वाटतो. माझ्या सासूबाईंना घेऊन मी गेले होते तेव्हा आम्ही संपूर्ण वळसा पायी घेतला आणि कासुगा देवस्थानापर्यंतचा खडीचा चढ त्यांना फार जड गेला. दुसऱ्या दिवशी मी शहाणपणाने स्थानकावरून बस घेतली. ‘कासुगा ताईशा होन्देन’ या थांब्यावर उतरले की देवस्थान अगदी जवळ येते, आणि मग सारा दिवस उताराने चालता येते. पायी सहल म्हणजे प्रत्येक पाऊल पायीच टाकले पाहिजे असा हट्ट धरू नये.

कासुगा हे शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचे, देवस्थान इ.स. ७६८ मधले. तिथे दगडाचे आणि पितळी-कांस्याचे मिळून सुमारे तीन हजार दिवे आहेत, लोकांनी नवस-प्रार्थनेसाठी शतकानुशतके अर्पण केलेले. देवळाच्या मागच्या डोंगरावर इ.स. ८४१ पासून झाड तोडायला आणि शिकार करायला बंदी आहे. त्र्यंबकेश्वराकडच्या गावांतून फिरलेल्या माणसाला हे एका शब्दात कळेल: देवराई. फरक एवढाच की ही देवराई शहराला लागून आहे आणि तिचे वय जवळजवळ बाराशे वर्षे आहे.

देवळापासून दक्षिणेला झाडीतून एक शांत पायवाट जाते, तिने शिन-याकुशिजीला पोहोचता येते. मंदिर लहान आहे. मध्ये भैषज्यगुरू, म्हणजे रोग बरे करणारा बुद्ध, आणि त्याच्याभोवती वर्तुळात उभे असलेले बारा सेनापती, मातीचे, जवळजवळ सारे आठव्या शतकातले. आम्ही गेलो तेव्हा आत आमच्याशिवाय दोनच माणसे होती. तिथून नारामाची या जुन्या व्यापारी पेठेत यावे. समोरून अरुंद आणि आत लांबच लांब गेलेली लाकडी जाळीची घरे पाहून मला जुन्या नाशकातल्या वाड्यांची फार आठवण झाली. घरांच्या वळचणीला लाल कापडी माकडांच्या माळा टांगलेल्या दिसतील. घरावर येणारे संकट ती माकडे स्वतःवर घेतात, असा समज आहे. तिथल्या गांगोजी मंदिराच्या छपराचा मागचा भाग अवश्य पाहा. तिथल्या काही कौलांचे वय सुमारे चौदाशे वर्षे आहे, रंगांच्या फरकावरून ती ओळखू येतात.

खाण्याविषयी स्पष्ट सांगते. भाजीच्या आणि नूडल्सच्या रश्शात बहुतेक ठिकाणी ‘दाशी’ म्हणजे माशाचा अर्क असतो, आणि मांस नाही असे सांगितले तरी त्याची गणना कुणी त्यात करत नाही. म्हणून ‘मांस, मासे आणि दाशी चालत नाही’ असे वाक्य मुलाकडून जपानीत कागदावर लिहून घ्या. नाराची ओळख असलेली पर्सिमनच्या पानात गुंडाळलेली सुशी माशांची असते. नाराझुके नावाचे लोणचे भाज्यांचे असले तरी तांदळाच्या मद्याच्या चोथ्यात मुरवलेले असते. बिनधास्त खाण्यासारखे म्हणजे उमे म्हणजे आंबट खारवलेले फळ घातलेले भाताचे मुटके, भाजलेली रताळी, लाल चवळीसारख्या अझुकीचे गोड सारण भरलेले मोची म्हणजे चिकट तांदळाचे गोळे, आणि योशिनोच्या कुझुपासून केलेले पदार्थ. कुझु म्हणजे आपल्या आरारूटसारखे कंदाचे सत्त्व. दोन्ही दिवस सोबत दशम्या आणि कोरडी चटणी ठेवलीत तर मन निश्चिंत राहील. फक्त उद्यानात पिशवी उघडू नका.

कारण हरणे. हजाराहून अधिक हरणे मोकळी फिरतात. कासुगाचा देव पांढऱ्या हरणावर बसून आला या कथेमुळे ती देवदूत मानली जातात. आपण सारनाथच्या मृगवनाशी संबंध जोडू पाहतो, पण ही श्रद्धा शिंतो परंपरेतली आहे. नोव्हेंबरात नर थोडे आक्रमक असतात. त्यांच्यासाठी विकतात ती बिस्किटेच द्यावीत, संपली की दोन्ही रिकामे तळवे दाखवावेत, आणि कागद किंवा प्लास्टिक हातात उघडे धरू नये. माझ्या हातातला नकाशा एका हरणाने अर्धा खाल्ला आणि मला त्याच्या पोटाची दिवसभर काळजी वाटत राहिली.

सुमेधा, इंदिरानगर

आपण तिघांनीही इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. आता असा विचार आहे. पहिल्या दिवशी सकाळी आठला तोदाईजी, मग निगात्सुदो, उतरून संग्रहालयातले प्रदर्शन, आणि दुपारी कोफुकुजीत असुरासमोर मला हवा तेवढा वेळ. दुसऱ्या दिवशी बसने कासुगा, मग उताराने शिन-याकुशिजी आणि नारामाची. यजमानांची एकच शंका आहे: रात्री ओसाकाला परतावे की नारातच राहावे? आणि देवळात व देवस्थानात नमस्काराची पद्धत वेगळी असते का?

वाटसरू, कॉलेज रोड

क्रम अगदी योग्य झाला आहे आणि अनघाताईंचा बसचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मी नेलेले पाहुणे बहुतेक माझ्याच वयाचे होते, त्यामुळे तो चढ माझ्या लक्षातच आला नव्हता.

राहावे नारातच. बहुसंख्य पर्यटक संध्याकाळी क्योटो-ओसाकाला परततात आणि मग हे शहर रहिवाशांचे आणि हरणांचे होते. नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य पाचच्या आतच मावळतो. कोफुकुजीतून चारच्या सुमारास निघालात आणि गुडघ्याने साथ दिली, तर टॅक्सीने वरपर्यंत जाऊन सूर्यास्ताला पुन्हा एकदा निगात्सुदोच्या सज्ज्यात उभे राहा. ती जागा रात्रीही उघडी असते. परतताना अंधार असेल, म्हणून विजेरी जवळ ठेवा आणि पायऱ्यांऐवजी उताराचा रस्ता धरा.

नमस्काराविषयी: बौद्ध मंदिरात आपल्यासारखेच हात जोडायचे, टाळ्या वाजवायच्या नाहीत. शिंतो देवस्थानात आधी दगडी कुंडावर हात धुवायचे, मग दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या आणि पुन्हा एकदा नमस्कार. दानपेटीसाठी पाच येनची नाणी जमवून ठेवा. ‘गोएन’ म्हणजे पाच येन, आणि त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध, म्हणून तेच नाणे शुभ मानतात.

जाण्यापूर्वी एक तपासा. आपल्या दोन दिवसांत सोमवार येत असेल तर जपानमधली बरीच संग्रहालये त्या दिवशी बंद असतात. शोसोइनच्या प्रदर्शनकाळात राष्ट्रीय संग्रहालयाचे नियम वेगळे असू शकतात, तेव्हा मुलाला तिकीट काढतानाच वार पाहून घ्यायला सांगा.

लेणीमित्र, पाथर्डी फाटा

ताई, एक राहिले. महाबुद्धाच्या सभागृहासमोरच्या अंगणात कांस्याचा अष्टकोनी दीप आहे. आगी लागल्या, भूकंप झाले, पण तो आठव्या शतकापासून तिथेच उभा आहे. त्याच्या जाळीवर बासरी आणि झांजा वाजवणारे बोधिसत्त्व कोरलेले आहेत. बोधिसेन जेव्हा कुंचला घेऊन आत गेले, त्या काळातले जे थोडे आज जागेवर उरले आहे त्यांत हा दीप आहे. सकाळी आठला पोहोचाल तेव्हा सभागृहात शिरण्याआधी त्याला एक प्रदक्षिणा घाला.